कातळवाटेचं माहेरपण

अधिक महिना लागला त्या सकाळी कातळवाट माहेरी गेली.

पिंपळकडा गावात याचं कोणाला नवल वाटलं नाही. कातळवाट ही गावामागच्या नाकाड्या डोंगराची बायको. ती मूळची डोंगरापलीकडच्या, खाली कोकणातल्या नांदवलीची. कधीकाळी नांदवलीकरांनी ती नाकाड्याला दिली आणि तेव्हापासून ती त्याच्या घरी नांदते आहे. देवळामागून निघायचं, करवंदीच्या जाळ्यांतून वर सरकायचं, घसाऱ्यावर अंग आवरून धरायचं आणि मग उभ्या कातळाला बिलगून माथा गाठायचा, हा तिचा रोजचा संसार. धोंड्याचा महिना आला की गावातल्या सुना माहेरी जातात, तशी तीही जाते. खरं तर जावयानंही जायची रीत आहे. पण डोंगराला जागचं हलता येत नाही, म्हणून नांदवलीहून त्याच्यासाठी अनारसे येतात आणि माथ्यावर ठेवले जातात. ते कावळे खातात. डोंगराला पोचले असं समजायचं.

वाट गेली की मागे नुसता डोंगर उरतो. दगड तेच असतात, कडे तेच असतात, पण कुठल्या दगडावरून कुठल्या दगडावर पाय टाकायचा हे कोणाला सांगता येत नाही. गुराखी महिनाभर गुरं खालच्या माळावरच चारतात आणि कोणी तक्रार करत नाही. बाईमाणसाला विसावा लागतोच.

यंदा घोळ झाला तो तालुक्याला. तालुक्याच्या क्रीडा समितीनं मुलींची डोंगरधाव स्पर्धा नाकाड्यावर ठरवली. तारीख काढताना सगळ्यांनी कॅलेंडरवरचा मोठा आकडा पाहिला, त्याच्याखालची बारीक अक्षरं कोणी वाचली नाहीत. सरपंचांनीही वाचली नाहीत. स्पर्धेचे पंच वाघचौरे सर यांचा फोन आला तेव्हा सरपंच अंगणात उभे होते आणि समोर वाट नसलेला डोंगर होता.

"वाट तयार आहे ना?" सरांनी विचारलं.

"वाट माहेरी गेलीय," सरपंच म्हणाले.

"परत कधी येणार?"

"महिना संपला की."

"स्पर्धा रविवारी आहे, सरपंच. वाट नसेल तर तसं सांगा. तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर घेऊ. सपाट आहे, सगळ्यांना सोयीचं."

हे बोलणं कुंपणापलीकडून हर्षदा ढेबे ऐकत होती.

हर्षदा नुकतीच नववी पास झाली होती. वर्गात ती हजेरीला 'हजर' म्हणायची तेही शेजारणीलाच ऐकू जायचं. पण तिचे पाय तिच्यासारखे नव्हते. ते सारखे शिवशिवत. जेवायला बसली तरी मांडी हलत राही, झोपली तरी टाचा घोंगडीवर घासत राहत. डोंगर चढायला लागली की मात्र पाय शांत होत आणि मग तिला कोणी गाठू शकत नसे. सपाटीवर ती कोणीच नव्हती. सपाटीवर तालुक्याच्या मुली तिला मागे टाकून गप्पा मारत पुढे जात. या स्पर्धेत जी पहिली येईल तिला जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. डांबरी रस्त्यावर ती जागा दुसऱ्या कोणाची तरी होती. कातळवाटेवर ती हर्षदाची होण्यासारखी होती.

सरपंचांनी वाटेला स्पर्धेपुरतं परत आणायचं ठरवलं. तिला माहेराहून आणायचा मान ढेब्यांचा. पावसाळ्यानंतर तिचे ढासळलेले दगड लावायचे, तिच्यावरचं गवत काढायचं हे काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजवर हर्षदाचे धाकलूकाका जायचे. यंदा त्यांचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"तूच जा," काका गुडघ्यावर निरगुडीचा पाला बांधता बांधता म्हणाले. "तसेही तुझे पाय घरात ठरत नाहीत."

"गाडीनं जाऊ का? घाटरस्त्यानं?"

"जाशील गं. येताना काय करशील? तिला गाडी लागते. एकदा टेम्पोतून आणायला गेलो, अर्ध्या घाटात सगळी खडी बाहेर काढलीन तिनं. चालतच आणायची."

"बरं."

"आणि एक. तू पुढं चालायचं, ती मागनं येते. पण बोलत राहायचं. बोलणं थांबलं की ती थांबते. मुक्या माणसाच्या मागनं कोण येईल?"

हर्षदाला कड्यांची भीती वाटली नव्हती. आता बोलायची वाटली. "काय बोलू?"

"काहीही बोल. मी आपला कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न मोडलं ते सांगायचो. तिला सगळं चालतं."

शनिवारी उजाडताच ती निघाली. वाट नसलेल्या डोंगरावर चढणं म्हणजे दर पावलाला डोंगराची परवानगी मागणं. एक दगड हो म्हणायचा, पुढचा नाही म्हणायचा. करवंदीनं तिचे हात ओरबाडले, घसाऱ्यावर ती बसून घसरली, कातळावर पोट टेकून वर सरकली. माथ्यावर वाऱ्यानं ओढणी तोंडावर आली. पलीकडे कोकण धुरकट दिसत होतं. तिकडचा उतार याहून वाईट होता, पण पाय एकदाचे गप्प झाले होते आणि तिला बरं वाटत होतं.

नांदवलीत पोलीसपाटील दत्ताराम मोरे यांच्या खळ्यात, फणसाच्या सावलीला, कातळवाट घडी घालून पहुडली होती. घड्यांवर घड्या, वाळत घातलेल्या गोधडीसारख्या. तिला न्हाऊमाखू घातलेलं दिसत होतं. दगड तेल लावल्यासारखे चकचकीत होते आणि एका घडीवर कोणीतरी आंबोशी वाळत टाकली होती.

"आत्ताच कशी गो आलीस?" दत्ताराम म्हणाले. वाटेच्या माहेरची बोलणी तेच करत. "पंधरवडा पण नाही झाला."

हर्षदानं खाली बघत स्पर्धेचं सांगितलं. वसतिगृहाचं सांगितलं नाही.

"ह्याला काय अर्थ आहे? तीन वर्षांनी पोर घरी येते. आली तेव्हा नुसती दगडं निघाली होती तिची. आमच्या हिनं चार दिवस शेक दिला." दत्तारामांनी घरात हाक मारली, "अगो, ऐकलंस काय? उद्या पळायचंय म्हणे हिच्यावरनं."

मोरेवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी हर्षदाचे ओरबाडलेले हात पाहिले, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि आंबे ठेवले आणि मग म्हणाल्या, "सासरची माणसं न्यायला आली तर नाही म्हणता येत नाही. पण उद्या दुपारी पुरण आहे तिच्यासाठी. पुरणाला ती इथं पाहिजे."

"येईल," हर्षदा म्हणाली.

"तू सांगतेस की तुझा सरपंच सांगतोय?"

"मी सांगते."

"मग वाटेला विचार."

हर्षदानं वाटेकडे पाहिलं. वाटेची सगळ्यात वरची घडी हळूच उलगडली आणि आंबोशीच्या फोडी खळ्यात घरंगळल्या.

डोंगर चढायला लागल्यावर हर्षदानं म्हशींपासून सुरुवात केली. गावातल्या म्हशी पहिल्या टेपाडालाच संपल्या. ती थांबली तशी मागची खडखड थांबली. मग तिनं मोडलेली लग्नं सांगितली. तिला दोनच ठाऊक होती. मग शाळा, मग बाई, मग कोणाची चप्पल कोणी ओढ्यात टाकली. पुन्हा खडखड थांबली. पुढे उभा कडा होता, ऊन कलायला लागलं होतं आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हा तिनं ते सांगितलं. तिला वसतिगृहात जायचं होतं, आणि तिला भीती वाटत होती. घरात पाय ठरत नाहीत असं सगळे म्हणतात, पण दुसरीकडे तरी ते ठरतील कशावरून? तिथं अनोळखी मुली असतील. त्यांच्यापुढे तोंड उघडेल का? आणि नाही गेली तर जन्मभर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत मांडी हलवत बसायचं. एवढं बोलणं तिनं वर्षभरात मिळून केलं नसेल. ती कड्याला बोटं रुतवून धापा टाकत बोलत होती आणि मागे दगडामागून दगड आपापल्या जागी बसत येत होता. माथ्यावर पोचली तेव्हा वाट तिच्या टाचेला लागून उभी होती.

रविवारी सकाळी वाट देवळामागून माथ्यापर्यंत पसरली होती. तालुक्याच्या मुली बसमधून उतरल्या. त्यांतली सानिया इनामदार गेल्या वर्षीची विजेती. तिनं वाटेवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाली, "मस्त ठेवलीय की तुम्ही."

"माहेराहून आलीय कालच," हर्षदा पुटपुटली.

"दिसतंय. अंगानं भरलीय."

वाघचौरे सरांनी नियम सांगितला. वाटेच्या शेवटाला जी आधी पोचेल ती पहिली. जी वाट सोडेल ती बाद. एवढं सांगून ते शिट्टी आणि छत्री घेऊन माथ्यावर गेले आणि वाटेच्या शेवटच्या दगडावर बसले.

खाली मात्र भाषणं सुरू झाली. पाहुण्यांचा सत्कार झाला, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार झाला. सत्कार करणाऱ्यांचाही एकेक नारळ उरला होता, तो त्यांनी एकमेकांना दिला. ऊन चढत होतं. हर्षदाला पायाखाली वाटेची चुळबुळ कळत होती. खडे एका जागी राहत नव्हते. ती मंडपामागून सरपंचांच्या खुर्चीपाशी गेली, तोंड उघडलं, मिटलं, परत आली. परत गेली.

"काय गं?" सरपंचांनी मान न वळवता विचारलं.

"वाटेला जेवायला परत जायचंय. दुपारी."

"जाईल की. आता आभार राहिलेत फक्त."

आभार मानणाऱ्यानं वाटेचेही आभार मानले, पण सगळ्यात शेवटी.

एकदाची स्पर्धा सुटली. करवंदीच्या जाळ्यांपर्यंत सानिया पुढे होती. घसाऱ्यावर हर्षदानं तिला गाठलं. कातळ सुरू झाला तशी ती पुढे निघाली, आणि तिच्या मनातली सगळी कालवाकालव खाली राहिली. कुठला दगड डुगडुगतो, कुठल्या खाचेत पाय मावतो, हे तिचे पाय तिला न विचारता जाणत होते. माथ्यावर सरांची काळी छत्री दिसायला लागली. शेवटून दुसऱ्या वळणावर एक भेग आहे. ती उडी मारूनच ओलांडावी लागते. हर्षदानं उडी मारली.

त्याच वेळी खाली देवळात नैवेद्याची घंटा झाली आणि वाट निघाली.

सरसर वर, दोर ओढावा तशी. हर्षदाचे दोन्ही पाय हवेत होते. ती खाली आली तेव्हा तिच्या पायाखाली नुसता कातळ होता. मागच्या सगळ्या मुली वाटेवर उभ्या उभ्याच तिच्या बाजूनं वर गेल्या. सानिया जाता जाता म्हणाली, "अगं, हे काय?" तिला उत्तर मिळायच्या आत ती माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली. सर आधीच गेले होते. माथ्यावर त्यांची छत्री तेवढी उलटी पडली होती.

हर्षदा माथ्यावर चढली आणि छत्री मिटवून उभी राहिली. खाली गावात टाळ्या वाजत होत्या, कारण तिथून पाहणाऱ्यांना वाटलं की सगळ्याच मुली एकदम पोचल्या. तिनं नियम पुन्हा मनात म्हटला. वाटेच्या शेवटाला जी आधी पोचेल ती. वाटेचा शेवट आता नांदवलीत होता. तिनं छत्री पाठीला बांधली आणि पलीकडच्या उताराला लागली.

मोरेंच्या खळ्यात पंगत बसली होती. मुली घड्यांवर बूट काढून बसल्या होत्या आणि पुरणपोळी खात होत्या. सर पाटावर होते. हर्षदा आली तेव्हा तिचा एक गुडघा फुटला होता. तिनं छत्री सरांपुढे ठेवली.

सर म्हणाले, "ढेबे, तू बाद आहेस. तू वाट सोडलीस."

हर्षदा जमिनीकडे पाहत होती. मोरेवहिनींचा तुपाचा चमचा वाढता वाढता थांबला.

"मी नाही सोडली, सर," ती म्हणाली. यावेळी सगळ्या खळ्याला ऐकू गेलं. "वाटेनं मला सोडलं."

सरांनी घास खाली ठेवला. असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्यांनी दत्तारामांकडे पाहिलं.

"सोडण्याचा दोष सोडणाऱ्याकडे," दत्ताराम म्हणाले. "पण आमच्या पोरीलाही बोल लावू नका. तिला पुरणाचा शब्द दिलेला होता."

"म्हणजे ढेबे स्पर्धेत आहे," सर म्हणाले.

"पण सर, आम्ही आधीच पोचलोय ना?" सानियानं विचारलं.

"तुम्ही पोचला नाहीत. तुम्हाला आणलं गेलं. वाटेचा शेवट कुठं आहे?"

सगळ्यांनी शोधलं. घड्या पार गोठ्यापर्यंत गेल्या होत्या आणि शेवटचा दगड, ज्यावर सर बसून आले होते, तो तिथल्या खांबाला, मेढीला, टेकला होता. म्हणजे शेवटाला कोणीच पोचलं नव्हतं. स्पर्धा अजून चालूच होती.

"मग बघता काय? वाटेवर जी जिथं होती तिथून सुरू." सर म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

मुली बूट शोधायला लागल्या. हर्षदा शेवटून दुसऱ्या वळणावर सुटली होती. तिनं ते वळण घड्यांमध्ये ओळखलं, भेगेपलीकडे पाय ठेवला आणि धावायला लागली. खळं सपाट होतं, पण घडी घातली म्हणून वाटेतला चढ कुठं जात नाही. तिला तसाच दम लागला, तशीच पोटरी चढली. मागून सानिया अनवाणी येत होती. ती ताजीतवानी होती आणि तिची पावलं जवळ येत चालली होती. पोटात पुरण नसतं तर ती पुढेही गेली असती. चढावर पुरण जड होतं. हर्षदानं मेढीपाशी शेवटच्या दगडावर हात टेकला तेव्हा सानिया तिच्या पाठीवर येऊन आदळली आणि दोघी गोठ्यातल्या गवतावर पडल्या.

"तुझ्या वाटेचं जेवण चांगलंय," सानिया धापा टाकत म्हणाली, "पण वेळ चुकीची आहे."

सरांनी निकाल तिथंच जाहीर केला. तालुक्याच्या मुलींना न्यायला घाटरस्त्यानं बस आली. मोरेवहिनींनी हर्षदाचा गुडघा धुतला, तिच्या हातात जावयाच्या अनारशांचा डबा दिला आणि विचारलं, "न्यायला तूच येशील ना गो? महिना सरला की?"

हर्षदा हो म्हणाली. आपण तेव्हा कुठं असू हे तिला डोंगर चढायला लागल्यावर आठवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती वसतिगृहात दाखल झाली. मैदान मोठं होतं, सपाट होतं. खोलीतल्या मुली बोलक्या होत्या. रात्री तिच्या टाचा गादीवर घासत आणि वरच्या कॉटवरून कोणीतरी विचारी, "झोप येत नाही का?" ती म्हणे, "येईल." घरी फोन केला की काका गुडघ्याचं टाळून बाकी सगळं सांगत. खालच्या माळावरचं गवत संपलं म्हणून यंदा गुराखीही कुरकुरत होते. डोंगराकडे बघवत नाही, असंही काका एकदा म्हणाले.

अधिक महिना संपायच्या आदल्या दिवशी ती अधीक्षक मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"रजा? आत्ताच तर आलीस," मॅडम म्हणाल्या. "कशासाठी?"

"माहेराहून आणायला जायचंय. कातळवाटेला."

"घरात दुसरं कोणी नाही?"

"काकांचा गुडघा सुजलाय. त्यांना कडा उतरवत नाही."

"एसटीनं येतील ना त्या?"

"नाही. चालत. मी पुढं, ती मागं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, रजा फक्त जवळच्या नातेवाइकांसाठी मिळते. शेजारीपाजारी, ओळखीपाळखीचे चालत नाहीत. तुझी ती कोण लागते?"

हर्षदाला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. ढेब्यांच्या घरात वाटेला सगळे वाटच म्हणत. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मागे रांगेत दोन मुली उभ्या होत्या, त्यांतली एक पायांची अदलाबदल करत होती.

"काकू," ती म्हणाली.

"सख्खी की चुलत?"

"सख्खी."

मॅडमनी दोन दिवसांची रजा दिली.